तिरकं पाहायची काच

डबीत सहा काचा, नखाएवढ्या.
पाच काळ्या: चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट,
अन् एक फिरणारी, जिला मी सहसा हात लावत नाही.

पहाटे चौसष्ट चढवली.
हॉटेलवाल्याला धरण हवं होतं दुधासारखं.
"लाटा नकोत, नातेला. त्बिलिसीचे पाहुणे
लाटा बघायला येत नाहीत."
सूर्य डोंगराआड होता तोवर
दोन सेकंद डोळा उघडा ठेवला वरती,
पाण्यानं आपल्या सगळ्या सुरकुत्या गिळल्या.
एक जण वल्हं मारत मधूनच गेला,
फोटोत त्याचा साधा ओरखडाही नाही.
या काचेचा न्याय असा:
हलला तो नव्हताच.

प्लातोन काठावर अक्रोड सोलत बसलेला,
ऐंशीचा, सालींनी काळी पडलेली बोटं.
"उन्हाला गॉगल घालतेस होय?"
तसंच म्हणा. ऊन वाढलं की शटर घाई करतं,
घाईत बगळासुद्धा तुटक तुटक उडतो.
ढग असला तर आठ, नसला तर सोळा,
जमली तर चालणारा चालल्यासारखा दिसतो.
"आणि चुकीची निवडलीस तर?"
तर खाली उतरायचं.
वर गेल्यावर काच बदलता येत नाही.

तो बराच वेळ गप्प. अक्रोड हातातच.

धरणाच्या दाराचं चाक यानंच फिरवलं होतं,
हुकूम होता, पगार होता, वार मंगळवार.
गावानं घरांवर पाणी सोडलं,
असं कागदोपत्री आहे.
पाणी यानं सोडलं.
तेव्हापासून वरच्या वस्तीत सगळे
याला पाण्यात पाहतात.
सख्खी बहीणसुद्धा.

"यातल्या कुठल्या काचेतून तळ दिसतो?"

फिरणारी काढली. फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली.
जुन्या निवा गाडीसमोर धरून हळूहळू वळवली,
वळवता वळवता समोरच्या काचेवरचं आभाळ गेलं
आणि आत दिसलं
माझं न भरलेलं दंडाचं चलन.
इथंच थांबायचं. हीच खूण.

जास्तीच्या वजनानं कॅमेऱ्याची मान एकदा लटपटली,
मग सावरली.
गावावर पोचून सरळ खाली पाहिलं:
ढगच ढग, आणि ढगांत आमचाच ड्रोन.
"दिसत नाही," तो म्हणाला, जणू सुटला.
थांबा.
सरळ पाहून पाणी काही सांगत नाही,
जरा लांब जावं लागतं, जरा तिरकं व्हावं लागतं.
मान उचलली. अजून थोडी.

आणि चकाकी निघून गेली, साय काढावी तशी.

हिरवट उजेडात रस्त्याची कड.
कमरेएवढ्या भिंती.
सात पायऱ्या, आठवी कुठंच जात नाही.
त्यानं पडदा इतका जवळ घेतला
की नाकाची वाफ धरली त्यावर.
"उभ्या आहेत," म्हणाला.
"इंजिनियर म्हणाले होते, पाच वर्षांत चिखल होईल.
मी चिखल समजून झोपायचो."

मग एकदम व्यवहाराचा आवाज:
"बॅटरी किती?"
अठरा मिनिटं.
"चित्सिनोचं घर सहा मिनिटांवर."
म्हटलं, रेकॉर्ड होतंय सगळं,
संध्याकाळी सावकाश दाखवा.
"संध्याकाळी नको. आत्ता आहे तसं."

अक्रोडांची पिशवी तिथंच टाकून तो चढणीला लागला,
दर वीस पावलांवर थांबत.
मी ड्रोन तिरका धरून ठेवला,
वारा सुटला, पाणी शहारलं,
भिंती विरल्या, परत आल्या.
दहा मिनिटं. सात.
रिमोट कुरकुरायला लागला.
ऊन चढलेलं, चित्र पांढरं पडायला आलेलं,
दुसऱ्या कुणाच्या कामावर असते
तर केव्हाच उतरवून सोळा लावली असती.

चार मिनिटं उरली तेव्हा
पायवाटेच्या वळणावर दोन माणसं दिसली:
तो पुढे,
आणि बरीच मागे, अंतर राखून,
कोपरापर्यंत पिठानं माखलेली एक बाई,
जी आमच्याकडे नाही, त्याच्याकडे नाही,
पाण्याकडे पाहत येत होती.